मिटल्या ओठांचं चित्र

थर्झा मेचिनला दात दाखवून हसताना आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नसेल. ती हसायची नाही असं नाही, पण हसू आलं की ओठ घट्ट मिटायची आणि नाकातून फुसकन हवा सोडायची. तिच्या हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी, एक निळी रेघ होती. बर्सलममध्ये, आमच्या या कपबशांच्या गावात, झिलईखान्यात राबणाऱ्यांच्या तोंडात ती रेघ कधी ना कधी उमटतेच. माझ्या नवऱ्याच्या, एनॉकच्या तोंडातही होती, आणि तो त्याच रेघेपायी गेला. कपबशा ज्या पांढऱ्या झिलईत बुडवतात तिच्यात शिसं असतं, ते वाळलं की भुकटी होऊन उडतं आणि श्वासातून, पावाबरोबर पोटात जातं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी खिडकीतून ओटची धिरडी विकते. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत माझा तवा तापलेला असतो. त्यामुळे गल्लीत कोण किती खातं आणि कोणाचं खाणं तुटलं, हे डॉक्टरच्या आधी मला कळतं.

थर्झाचं काम झिलई वाळलेल्या भांड्यांच्या कडा सुरीनं खरवडायचं, म्हणजे सगळी भुकटी थेट तोंडावर. नवरा केव्हाच गेलेला, पदरी एकच मुलगी, सेलीना. चारचौघांत थर्झा मान खाली घालून चालणारी बाई, पण एका गोष्टीत भलती हट्टी होती. सेलीनाला तिनं छपाईच्या खोलीत लावलं होतं, ताटांवर उठवायच्या नक्षीचे कागद कापायला. मजुरी कमी, पण तिथं शिसं नाही. "उपाशी राहीन, डॉर्कस, पण माझी पोर त्या दारातून आत जायची नाही," असं ती माझ्या खिडकीशी उभी राहून कितीदा तरी म्हणाली असेल.

मग ती आजारी पडली. पोटात असा पीळ पडायचा की ती भिंतीला धरून वाकायची. मनगटं गळाली, धिरड्याचा पुडा दोन हातांनी धरावा लागायचा, आणि पुढे पुढे तर तिनं पुडा घेणंच बंद केलं. तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तिनं डॉक्टर ऑर्मथ्वेटच्या रक्तशुद्धीच्या गोळ्या आणल्या. डबीवर दाढीवाला डॉक्टर, एक हात पृथ्वीच्या गोलावर ठेवून उभा. आतल्या पत्रकात पित्त, मूळव्याध, धाप, निद्रानाश, बायकांची सगळी गुप्त दुखणी आणि उदासी यांची यादी होती.

"एवढी दुखणी एका डबीत मावली कशी गं?" मी म्हटलं.

"तुला सगळ्याची थट्टाच सुचते," ती म्हणाली आणि गोळी गिळली.

नेमका त्याच सुमाराला कोळशाच्या खाणींत मालक-मजुरांचा तंटा पेटला. कोळसा येईना. गावातल्या भट्ट्या एकेक करून विझल्या, कारखाने बंद पडले. आभाळ निळं असतं हे आमच्या पोरांना त्या उन्हाळ्यात कळलं. चॅपेलनं वाटलेलं पाणचट सूप पिऊन आम्ही दिवस काढले. आणि थर्झा सुधारली. पीळ थांबला, मनगटं सरळ झाली. शरद उजाडेपर्यंत ती दारातली पायरी स्वतः घासायला लागली होती.

"गोळ्यांचा गुण बघ," ती म्हणाली.

"कसल्या गोळ्या? सुट्टीचा गुण आहे हा. माझा एनॉक दर वर्षी जत्रेच्या सुट्टीत असाच टवटवीत व्हायचा, आणि कामावर गेला की पुन्हा आडवा."

"तुझ्या एनॉकनं या गोळ्या घेतल्या होत्या?"

"नाही."

"झालं तर मग!"

माणूस बरा झाला की कशानं बरा झाला ते तोच ठरवतो, दुसऱ्याचं ऐकत नाही.

वाण्यानं ही बातमी गोळ्यांच्या कंपनीला कळवली असणार, कारण एक दिवस मिस्टर पेली नावाचे गृहस्थ पिवळे हातमोजे घालून आमच्या गल्लीत उतरले. थर्झाला फोटो काढायला शेजारच्या हॅन्ली गावाला न्यायचं म्हणाले. ती घाबरली, म्हणून सोबतीला मी गेले. फोटोवाल्यानं तिला मखमली खुर्चीत बसवलं, तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं, आणि पहिल्यांदाच ती ओठ मिटायला विसरली. पेली वाकून तिची शाल नीट करत होता. तो क्षणभर थांबला. तिच्या तोंडाकडे त्यानं असं पाहिलं, जसं विकत घ्यायच्या घोड्याच्या तोंडात पाहतात. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ओठ मिटलेलेच ठेवा, बाई. तेच तुम्हाला शोभून दिसतं."

त्याला ती रेघ काय आहे ते माहीत होतं. मला त्या माणसाची भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

चित्र छापून आलं. वर्तमानपत्रात आलं, वाण्याच्या खिडकीत आलं, ट्रामच्या बाजूला आलं, पुरुषांच्या मुतारीच्या भिंतीवरसुद्धा आलं. खाली ठळक अक्षरांत: शिशानं पोखरलेली माता मृत्यूच्या दारातून परत! आणि त्याखाली तिचं नाव, गल्ली, घर. खातरजमा करायची असेल त्यानं खुशाल येऊन करावी. लोक येऊ लागले. जिला आजवर कुणी मान लववून नमस्कार केला नव्हता, तिला चॅपेलमध्ये पुढच्या बाकावर जागा मिळू लागली. कंपनी तिला डब्या फुकट पाठवायची. कोळसा आला, भट्ट्या पेटल्या, आभाळ पुन्हा काळं झालं, आणि थर्झा एप्रनच्या खिशात डबी घालून झिलईखान्यात रुजू झाली.

तिथं तिच्या शेजारी हॅना शफलबॉटम खरवडायला बसायची. तिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार. एक दिवस सगळ्यांदेखत ती म्हणाली, "काय गं थर्झा, एवढ्या गुणाच्या गोळ्या, मग स्वतःची पोर का दडवून ठेवलीस कागदांच्या खोलीत? आमच्या पोरी काय रस्त्यावर पडल्यात?"

बायका खदखदा हसल्या. थर्झा त्या संध्याकाळी माझ्या खिडकीशी आली ती तांबडीलाल होऊन.

"सेलीनाला झिलईखान्यात घालतेय."

"डोकं फिरलंय का तुझं? एवढी वर्षं काय बोलत होतीस?"

"तेव्हा गोळ्या नव्हत्या, डॉर्कस."

"अगं, पण..."

"पण काय? मी काय खोटं छापून आणलंय?"

सेलीना आनंदात होती. मजुरी वाढणार होती. "मावशी, पहिल्या पगारात हिरव्या पिसाची टोपी घेणार," मला म्हणाली. मी तिला एक धिरडं फुकट दिलं.

कोवळ्या पोरींना शिसं लवकर धरतं. हिवाळ्यात सेलीना धिरड्यातलं चीज नको म्हणू लागली. मग धिरडं नुसतं कुरतडायची. मग डोकं दुखतं म्हणून कपाळ माझ्या खिडकीच्या थंड काचेला टेकवून उभी राहायची. हिरवं पीस कपाळावर लोंबायचं. मी थर्झाला हात जोडले, म्हटलं पोरीला काढ तिथून. तिनं पोरीला रोज एका गोळीच्या जागी दोन द्यायला सुरुवात केली. पत्रकात तसंच लिहिलं होतं म्हणे, हट्टी दुखण्याला मात्रा दुप्पट.

वसंतात एका दुपारी सेलीनाला झिलईच्या हौदाशेजारी झटका आला. फळीवर घालून घरी आणली तरी झटके थांबेनात. आम्ही दोघींनी तिचे हातपाय धरून ठेवले. शेवटी ती शांत झाली, डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, दिवा का गं विझवलास?"

खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर पडलेलं होतं.

दृष्टी परत आली नाही. सेलीना आता चुलीशी बसते आणि कुणाचंही पाऊल वाजलं की मान वळवते. थर्झाची मनगटं पुन्हा गळाली आहेत. दारात उभी राहते तेव्हा ती हात शालीखाली घेते. ट्रामवरचं चित्र मात्र अजून तसंच आहे, उलट हल्ली रंगीत आलंय.

गेल्या आठवड्यात फेंटनहून एक बाई आली. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, बरोबर नुकतीच शाळा संपवलेली मुलगी. थर्झाचं दार माझ्या खिडकीसमोरच; माझा डाव तव्यावरच थांबला.

"थर्झा मेचिन तुम्हीच ना? चित्रातल्या? माझ्या पोरीला झिलईखान्यात जागा मिळतेय. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. घालू का हिला?"

"कोण आलंय गं आई?" आतून सेलीनाचा आवाज आला.

थर्झानं मागे हात नेऊन दार ओढून घेतलं. ती त्या कात्रणाकडे पाहत राहिली. दाखव, थर्झा, मी मनात ओरडत होते, एकदा तोंड उघड आणि दाखव तिला. तिचे ओठ हलले, आणि मग चित्रात आहेत तसे मिटले. ती म्हणाली, "घाला. फक्त गोळ्या चुकवू नका. रोज रात्री द्यायच्या."

आणि ती आत गेली.

मी तशीच, डाव हातात घेऊन, त्या मायलेकींमागे धावले. कोपऱ्यावर गाठलं आणि सगळं सांगितलं, एनॉकचं, बंद भट्ट्यांचं, सेलीनाच्या डोळ्यांचं. तव्यावरचं धिरडं जळाल्याचा वास तिथवर येत होता. त्या बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या पीठ लागलेल्या एप्रनवरून नजर खालीवर फिरवली.

"तुमचं चित्र आलंय का हो कधी छापून?" तिनं विचारलं.

तिची मुलगी खुदकन हसली. तिच्या हिरड्या गुलाबी होत्या.