हल्ली कॉम्प्युटर विचारत नाय

बसा, चहा येतोय. तोवर माझी फजिती ऐका, पण गावभर करू नका. तशी ती झालीच हाय म्हणा.

रत्नागिरीत माझ्या भाच्याचं, सुहासचं, बॅनरचं दुकान. मी दिवसभर तिथं पडीक. वाचता बेताचंच येतं, पण कुठलं बटण काय करतं ते बघून बघून पाठ. सुहास जेवायला गेला की माझा उद्योग सुरू. एखाद्या पुढाऱ्याला म्हशीचं तोंड लावायचं, शेजारच्या चहावाल्याला बोलवून दाखवायचं, मग फुली दाबायची. कॉम्प्युटर विचारायचा, ठेवू का? मी दाबायचो, नको. सगळं पयल्यासारखं. कुणाला पत्ता नाय.

त्या दिवशी लग्नाचा बॅनर होता. नवऱ्याच्या जागी मी माझाच रेशनकार्डाचा फोटो चिकटवला. बाजूला पंचविशीची नवरी आणि हा मी, पुढचे दात पडलेला. चहावाला हसून हसून खालीच बसला. मी फुली दाबली, तर काय विचारलंच नाय. म्हटलं, शहाणा झाला, ओळखायला लागला मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासनं कॉम्प्युटर उघडला.

"मामा, हा कोण?"

"मी."

"ते दिसतंय. इथं कसा?"

"अरे, मी नको म्हणणार होतो. त्यानं विचारलंच नाय."

"परवाच्या अपडेटपासून तो विचारत नाय, आपोआप सेव्ह करतो." सुहास पांढराफटक पडला. "आणि मी काल संध्याकाळी न बघता छापायला दिला. हातखंब्याला हॉलवर लागलापण असेल. तासाभरात वऱ्हाड येतंय. त्यांनी बघितलं तर माझ्या दुकानाला कुलूप."

स्कूटर काढली. मागं मी, खांद्यावर शिडी. वाटेत मी दोनदा खोकलो, त्यानं दोनदा हॉर्न मारला.

पोचलो तर कमानीवर दहा फुटी मी. आणि वळणावर बँड वाजायला लागलेला.

"पक्कड द्या."

"तू नाय घेतलीस?"

बॅनर बांधलेल्या तारा हातानं सुटेनात. सुहासनं मंडपातला झेंडूचा जाडा हार ओढला आणि वर चढून माझ्या तोंडावर टाकला. तो सरकून बरोबर गळ्यात बसला. तोंड मोकळंच.

वऱ्हाड आलं. बँड बंद. नवऱ्याच्या बापानं वर बघितलं, चपला काढल्या, हात जोडले. मागच्या सगळ्या बायका-बाप्यांनीपण जोडले.

"पोरीचे आजोबा का हो?" त्यानं हळूच विचारलं. "कधी गेले?"

मी खाली शिडी धरून, मान खाली घालून उभा. सुहासनं वरून एकदा माझ्याकडं बघितलं.

"आमच्यापुरते आज सकाळीच."