पाच सेकंदांचा आवाज

आमच्या घरी एक नियम होता. मी पुस्तक उघडलं की कोणी बोलायचं नाही. बाबा अंजनगाव सुर्जीच्या बाजारात भाजी विकत. त्यांची हाक तीन ओळी पलीकडे ऐकू जायची. घरी मात्र ते माझ्यासाठी कुजबुजत. त्या शांततेवर मी घरातला पहिला पदवीधर झालो.

बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन अकोल्याला ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. आदल्या दिवशी संध्याकाळच्या बसनं निघायचं होतं. त्याआधी त्यांची हाक, त्यांचं बोलणं नीट साठवून ठेवायचं मी ठरवलं. अमरावतीहून जुना यूएसबी माइक आणला. कॉलेजच्या सरांनी दिलेल्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत माइकचा क्रमांक दिसे, पण लिनक्स त्याला माइक मानेना. तो क्रमांक हातानं लिहून ड्रायव्हरला, म्हणजे माइक चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यायचा, नियमाची फाईल बनवायची, माइक काढून पुन्हा खोचायचा. तरी आवाज शून्य.

आई म्हणाली, "काहून जीव काढून रायला? फोनमधी भरून घे ना!"

"फोनमधी आवाज चिरका येते, आई. मले नीट करू दे."

"चूप बस वं," बाबा हळूच म्हणाले. "पोरगा अभ्यास करून रायला."

आणि ते भिंतीला टेकून गप्प बसले. सकाळपासून चार वाजेपर्यंत. मधे दोनदा त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं. मी स्क्रीनवरून नजर न काढता हात वर केला.

चारनंतर कधीतरी त्या फाईलच्या एका ओळीतली चूक सापडली. पाच सेकंदांची चाचणी घेतली, आवाज आला. तेवढ्यात दारात ऑटो येऊन उभा राहिला.

बसमध्ये मी फोन पुढे केला. बाजारात गरजणारा माणूस लोकांसमोर लाजला.

"इथं काय बोलू बाप्पा?" म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले. पहाटेच त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं.

माझ्याकडे ती चाचणी आहे. तिच्यात बाबा विचारतात, "झालं काय रे?" आणि मी म्हणतो, "थांबा ना बाबा."

अजूनही मी लॅपटॉप उघडला की आई टीव्हीचा आवाज कमी करते. बाबांना काही कमी करावं लागत नाही.