वचनपेटी आणि आईची गाठ

शांती नगरच्या आमच्या घरात वचनपेटी उघडल्याशिवाय मोठा निर्णय होत नाही. पेटीत बायबलमधल्या वचनांच्या छोट्या सुरळ्या उभ्या असतात. प्रार्थना करायची आणि डोळे मिटून एक उचलायची. आईच्या गळ्यात गाठ निघाली, डॉक्टर म्हणाले लवकर काढून टाका, तेव्हाही पेटीच टेबलावर आली.

पप्पा स्टेशनबाहेर येशूच्या सुवार्तेची पत्रकं वाटतात. मी तीच वाचत वाढले, ठणकावून बोलायला तिथेच शिकले. पण पेटीवर माझा विश्वास नाही. शाळेत असताना सगळ्या सुरळ्या उलगडून पाहिल्या होत्या. रागावणारं एकही वचन नव्हतं. बायबलमधला देव तर चांगलाच रागावतो. मग ह्या गोड सुरळ्या कोणी निवडल्या?

त्या दिवशी प्रार्थनेला आलेल्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, "देवाने मला दाखवलंय. सुरी लावायची नाय. फक्त विश्वास."

"मावशी, आमच्या घरातलं तुम्हाला बरं दाखवतो! आम्हाला का नाही?"

"तुझ्या तोंडाला घाबरत असेल."

पप्पा हसले नाहीत. मावशींचं त्यांना पटत होतं. पप्पांना ऑपरेशनची भीती वाटतेय आणि तिलाच ते विश्वास म्हणतायत, असा मला दाट संशय होता.

आईने सुरळी उचलली. भिऊ नकोस, अशा अर्थाचं वचन.

"बघा! म्हणजे ऑपरेशन नको," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे करायचंच!" मी ओरडले. "यातून काहीही अर्थ काढता येतो!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "भिऊ नकोस म्हटलंय ना? मग जिथे भीती वाटतेय तिथेच जायचं असणार. घरी बसायला कशाला धीर द्यावा लागतो?"

पप्पा उठले आणि रिपोर्टची फाईल पिशवीत भरायला लागले.

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झाल्यावर पप्पांनी माझा हात धरून प्रार्थना सुरू केली. मी डोळे मिटले नाहीत. मनात म्हटलं, देवा, भरवसा आईने टाकलाय, मी नाही. मी इथे उभी आहे, बघतेय.

दुपारी आई शुद्धीवर आली. गाठ कसली होती, त्याचा रिपोर्ट यायचा होता. मला बसवेना, पप्पांना उभं राहवेना. आईने खुणेनेच पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि कुशीवर वळून झोपली.