दसऱ्याला बसवलेला पंखा

खंडेनवमीला आमच्या घरात जे जे म्हणून लोखंडाचं असेल ते देव्हाऱ्यापुढे येतं. विळी, कात्री, शिलाई मशीन आणि सासऱ्यांची हत्यारांची पेटी. सासरे रेल्वेच्या वर्कशॉपात होते. ते गेले, पेटी राहिली. सासूबाई दर वर्षी एकेक पाना तेलाच्या फडक्यानं पुसतात, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात आणि एकदा मांडला की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही. हा नियम काही आमच्या एकट्याच्या घरचा नाही. त्या दोन दिवसांत हुबळीत एखादं गॅरेज चालू सापडलं तर शपथ. दुकानापुढे केळीचे खांब, आत पाने आरामात, आणि मिस्त्री नवा शर्ट घालून गावभर.

पूजा गाडीचीही होते. आमची गाडी जुनी आहे, पण सासूबाईंचा तिच्यावर भारी जीव. यंदा चाकांखाली लिंबं ठेवून झाली, पुढे हार घालून झाला, तरी त्यांचं समाधान होईना. "बाहेरनं नटवून काय उपयोग ग? राबतंय ते इंजिन. त्याला नको का काही?" मग बॉनेट उघडलं, इंजिनाला कुंकू लागलं आणि झेंडूचा एक लांबलचक हार आत पसरला. वर बॉनेट बंद. "आता एक चक्कर मारून ये," म्हणाल्या.

चक्कर उणकलच्या तळ्यापर्यंतच झाली. सिग्नलला थांबले तोवर तापमानाचा काटा वर चढला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेऊन बराच वेळ निवू दिली आणि थांबत थांबत कशीबशी घरी आणली. इंजिन चालू ठेवून पुढे कान लावला. रेडिएटरमागचा पंखा, जो गाडी तापली की आपोआप फिरायला लागतो, तो ढिम्म होता.

मिस्त्रीला फोन केला. त्याचं दुकान तारिहाळच्या वाटेवर आहे. पलीकडून सनई आणि पोरांचा गलका ऐकू येत होता. "अक्का, हब्ब मुगीलि," तो म्हणाला. "सामान मुट्टंगिल्ल." सण होऊ दे, हत्याराला हात लावता येत नाही. पंख्याची मोटरच बदलावी लागेल, एवढं मात्र सांगितलं. वर अगदी प्रेमानं जेवायला या म्हणाला.

एरवी मीही म्हणाले असते, होऊ दे सण. पण या वेळी माझ्याकडे तेवढा वेळच नव्हता. आई धारवाडला एकटी राहते. उन्हाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला व्यायामासाठी हुबळीला आणावं लागतं. बसमध्ये तिला चढता येत नाही. परक्या गाडीत ती बसत नाही, कारण सीट मागे ढकलून, तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यावा लागतो आणि ते ती माझ्याशिवाय कुणाला करू देत नाही. भाऊ पुण्याला असतो. तो दसऱ्याला येणार होता आणि त्यानं परतीची दोन तिकिटं काढली होती, एक स्वतःचं, एक आईचं. "तुझा तो डबा कधी बंद पडेल सांगता येत नाही," असं त्याचं म्हणणं. "एकादशीला मी स्वतः बरोबर येऊन बघतो. नीट जमतंय असं वाटलं तर राहू दे तिला. नाहीतर संध्याकाळी घेऊन जातो." आईला पुण्याला जायचं नव्हतं. तिनं तसं सांगितलं होतं, रडून नाही, ठणकावून. पण ठणकावण्यानं गुडघा चालत नाही, गाडी लागते.

आणि गाडी अंगणात उभी, गळ्यात हार घालून.

आमचे हे बदलीवर विजयपुरात. त्यांना रजा मिळाली नव्हती. फोनवर म्हणाले, "जाऊ दे ना, दसऱ्यानंतर बघू." या माणसाला गाडी चालवता येते, उघडता येत नाही. मी फोन ठेवला आणि ठरवून टाकलं की पंखा मीच बसवणार. मी शाळेत विज्ञान शिकवते. मोटर म्हणजे काय हे पोरांना वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलंय. एकदा खरी हातात घेऊन बघायला काय हरकत होती?

दसऱ्याच्या सकाळी लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत गेले. तिथे स्पेअर पार्टचं एक दुकान आहे, मालक आपल्यातलेच, घराणं कोल्हापूरकडचं. मुहूर्ताची विक्री म्हणून सकाळी थोडा वेळ ते दुकान उघडतात. मी मोटर मागितल्यावर त्यांनी आधी माझ्यामागे कुणी पुरुष आहे का बघितलं, मग हसले. "घ्या वहिनी, दसऱ्याची बोहणी तुमच्या हातची. वायरींचा कपलर मात्र वेगळाय बघा याचा. वायरी कापून जोडाव्या लागतील." मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "जोडते की."

घरी आले आणि अडले. मोटर होती, हिंमत होती, पाना पाटावर होता.

"आत्याबाई, दहा नंबरचा पाना हवाय," मी सासूबाईंना म्हटलं.

"संध्याकाळी. बन्नीचं सोनं वाटून आलो की उत्तरपूजा करते, मग घे."

"संध्याकाळी अंधारात मला काय दिसणार? उद्या सकाळी निघायचंय."

"मग देव काय करणार? शास्त्र म्हणून काही आहे की नाही?"

माझा राग तसा नाकावरच असतो. शेजारून पाना मागावा तर प्रत्येक घरी तीच तऱ्हा. बाहेर येऊन बॉनेट उघडलं, म्हटलं निदान बघू तरी. आणि पंख्यात हात घातला तर बोटाला दोरा लागला. कालचा हार खाली घसरला होता, पंखा फिरायला लागल्यावर त्यानं तो ओढून घेतला होता. झेंडूच्या पाकळ्यांचा सगळीकडे चेंदा, आणि हाराचा नायलॉनचा दोरा पात्यामागच्या दांड्याला इतका घट्ट गुंडाळलेला की वितळून त्याची गाठच झालेली. अडकलेली मोटर फिरायची धडपड करत जळून गेली होती.

तो दोऱ्याचा गोळा सुटेल तेवढा सोडवला आणि तसाच घेऊन मी देवघरात गेले. "ही तुमची इंजिनाची पूजा," म्हणाले. आवाज चढलाच होता.

सासूबाईंनी दोरा हातात घेतला, नाकाशी नेला. जळका वास अजून होता. मला वाटलं, आता उलट बोलतील. बोलण्यात त्या कधी हरलेल्या मी बघितलेल्या नाहीत. माझ्या आईशी तर त्यांचं पुरणपोळीत गूळ की साखर यावरून लग्नापासून जमलेलं नाही. पण त्यांनी तो दोरा शेजारी ठेवून दिला. मग म्हणाल्या, "विहीणबाईंना खरंच नेणार म्हणतोय तुझा भाऊ?"

"गाडी नसेल तर नेणार."

"आज त्यांना नेतील. उद्या तुझा धाकटा दीर मला बंगळूरला न्यायला येईल. त्याच्या फ्लॅटातनं खाली बघितलं की मला गरगरतंय ग."

एवढं बोलून त्यांनी पदर खोचला, पळीत पाणी घेतलं, अक्षता घेतल्या. संध्याकाळची उत्तरपूजा भरदुपारी झाली. पाट जरासा उत्तरेला सरकवला आणि कुंकवानं माखलेला पाना माझ्या हातात दिला. "देवाला मी बघून घेते. तू गाडी बघ."

मग मी गाडी बघितली. आधी बॅटरीची तार काढली. पंखा ज्या प्लास्टिकच्या चौकटीत बसतो तिचे बोल्ट वरून दिसत होते तितके सुटले, खालचे मात्र जन्माचे वैरी निघाले. अंगणात सतरंजी टाकून आडवी झाले, मनगट रेडिएटरला घासून सोलवटलं, दोनदा पाना निसटून आत पडला. रस्त्यानं नटूनथटून जाणारे लोक फाटकाशी थांबून बघत होते. एकानं, "काय अक्का, आज सोनं तिथेच लुटायलीस काय?" म्हणूनही घेतलं. मी पाना फिरवत राहिले. बोल्ट सुटत होता.

चौकट वर काढली, जुनी मोटर सोडवली, नवी बसवली, वायरी कापून जोडल्या, वर टेप गुंडाळली. सगळं पुन्हा जागच्या जागी. गाडी चालू करून एसी लावला, म्हणजे पंखा लगेच फिरतो. फिरला! सासूबाईंनी हात जोडले. मी खात्री करावी म्हणून वर्तमानपत्राचा कागद गाडीच्या पुढच्या जाळीपाशी धरला. पंखा हवा आत ओढतो, तेव्हा कागद जाळीला चिकटायला हवा. कागद उडून माझ्या तोंडावर बसला.

वायरी उलट जोडल्या होत्या. आठवीच्या वर्गात हा धडा मी डोळे मिटून शिकवते. स्वतःलाच एक शिवी दिली, सासूबाईंनी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली, आणि टेप पुन्हा सोडली. दुसऱ्या वेळी कागद जाळीला असा चिकटला की काढताना फाटला. त्यानंतर मी अंगणातच बसले. मला फार आनंद झाला होता.

एकादशीला सकाळी धारवाडला गेले. भाऊ मागे बसला. आईचा पाय उचलून आत घेतला, पट्टा लावला. वाटेत अमरगोळच्या आसपास जे अडकलो ते अडकलोच. दोन दिवस बंद असलेला बाजार उघडला होता आणि पोत्यांनी भरलेले ट्रक रस्त्यात आडवे. ऊन तापलेलं, गाडी उभी. एसी मी मुद्दामच लावला नव्हता. मला बघायचं होतं, पंखा आपणहून फिरतो की नाही. काटा अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या वर गेला. भाऊ दोन्ही सीटांमधून पुढे वाकला. "काटा वर चाललाय," म्हणाला. मला दिसत होतं. इथे वाफ निघाली असती तर आई संध्याकाळी पुण्याच्या वाटेवर असती.

तेवढ्यात पुढून घर्रर्र आवाज आला. काटा थांबला, आणि हळूहळू खाली यायला लागला.

"लागला ना पंखा?" आई म्हणाली.

मी वळून तिच्याकडे बघितलं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"काल तुझ्या सासूचा फोन होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून केला. म्हणाल्या, गाडी तापली तर घाबरू नका, पंखा आमच्या सूनबाईनं बसवलाय."

भावानं पंख्याचा आवाज थोडा वेळ ऐकला. मग मागे टेकला, खिशातून मोबाईल काढला आणि तिकिटं उघडून बसला. आईनं मान वळवली नाही. ती समोरच्या ट्रककडे बघत होती.

"एकच रद्द कर रे," ती म्हणाली. "तू जा."