सहमच्या घरातला कोमट नळ

ओमानमध्ये उन्हाळ्यात नळ उलटे होतात. गच्चीवरची टाकी एवढी तापते की निळ्या खुणेच्या नळातून चटका बसेल असं पाणी येतं. मग गीझर बंद ठेवायचा आणि लाल खुणेचा नळ सोडायचा. गीझर घराच्या आत, बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर असतो. त्यातलं साठलेलं पाणी त्यातल्या त्यात गार असतं, तेच आंघोळीला घ्यायचं. नव्यानं आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो आणि जूनमध्ये आपणहून तेच करायला लागतो.

आम्ही सहम या ओमानी गावात एका घराच्या तळमजल्यावर भाड्यानं राहतो. मी रोज शेजारच्या सोहार शहरात, पोर्टाजवळच्या एका कारखान्यात जातो. तिथल्या स्टोअरचा हिशेब माझ्याकडे आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात नेहमीप्रमाणे गीझर चालू केला आणि पाणी कोमट आलं. तासभर चालू ठेवून पाहिला, तरी कोमटच. डिसेंबरातल्या पहाटे सहमला अंगावर कोमट पाणी घेतलं तर आंघोळ संपायच्या आत काकडायला होतं.

एरवी मी सरळ नवा गीझर बसवला असता. पण जानेवारीत अकोल्याला बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आई गेल्यानंतर त्या बहिणीला हिनंच वाढवलं. शाळेत पोचवण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं. कंपनी विमानाचं तिकीट देते ते फक्त मला, तेही दोन वर्षांतून एकदा. बायकोच्या तिकिटाचे पैसे आम्ही घरखर्चातून थोडे थोडे बाजूला काढले होते. त्याखेरीज त्या महिन्यात हाताशी काही नव्हतं.

घरमालकाला फोन केला. तो तिथलाच, वयस्कर, बोलायला गोड माणूस. मालकाला इकडे अर्बाब म्हणतात.

"अर्बाब, गीझर खराब हो गया."

"गीझर पुराना है," तो म्हणाला. "भाडा भी पुराना है." आणि हसला.

त्याचं बरोबर होतं. भाडं वाढवायचं नाही आणि दुरुस्ती आम्ही करायची, असं आमच्यात ठरलं होतं. तेव्हा आकडेमोड करून मीच ते मान्य केलं होतं.

"अच्छा मेकॅनिक भेजता, इन्शाल्ला," एवढं मात्र त्यानं केलं.

मेकॅनिक मल्याळी होता. त्यानं खालून थोडं पाणी काढलं, तर बादलीत पांढऱ्या खपल्या पडल्या. आमच्या भागात पाणी जड आहे.

"साब, अंदर चूना जम गया. नया डालो. इसमें पैसा मत डालो."

नव्या गीझरचा आणि बसवण्याचा मिळून त्यानं आकडा सांगितला. पंचेचाळीस रियाल. ते दिले असते तर तिकीट राहिलं नसतं.

बायकोनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. तो गेल्यावर भांडी विसळत म्हणाली, "मी नाही गेले तरी चालेल. व्हिडिओवर बघीन."

"तू जाणार आहेस."

"गीझरला विचारलंत का?"

"त्यालाच विचारायला चाललोय."

"विचारा. ऑफिसात ऑडिट करता, आता घरातही करा. तोवर मी पातेल्यात पाणी ठेवते."

ती हसत बोलत होती, पण त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला तेव्हा येण्याचा विषय निघाल्याबरोबर तिनं साड्यांवर बोलणं नेलं. ते मी ऐकलं. तिकिटाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

स्टोअरमध्ये माल कमी भरला तर आम्ही लगेच नवा मागवत नाही. तो कुठल्या दाराशी कमी झाला ते आधी शोधतो. मी तसंच करायचं ठरवलं. शुक्रवारी सुट्टी होती. गीझरच्या विजेचा खटका, म्हणजे एमसीबी, पाडली, टेस्टरनं वीज नसल्याची खात्री केली आणि गीझरचं झाकण उघडलं. सगळ्यात स्वस्त संशयित होता थर्मोस्टॅट. बाजारातून अडीच रियालला नवा आणून बसवला. पाणी कोमटच आलं. अडीच रियाल गेले, याचं मला दिवसभर वाईट वाटलं.

"आता?" बायकोनं विचारलं. ती खाली स्टूल धरून उभी होती.

"आता गीझरवरचा पाइप बघतो."

बाहेर जाणाऱ्या पाइपला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पाइप चांगलाच तापला होता. म्हणजे गीझरात चुना असेल नसेल, पाणी मात्र गरम होत होतं. गीझरातून निघेपर्यंत गरम आणि नळाला येईपर्यंत कोमट. मधे कुठेतरी त्यात गार पाणी मिसळत होतं.

याची खात्री करायला एक सोपी गोष्ट सुचली. वीज पुन्हा बंद केली, गीझरात पाणी शिरतं तिथला व्हॉल्व्ह बंद केला आणि बाथरूममधला लाल नळ सोडला. आता पाणी थांबायला हवं होतं. ते थांबेना. चांगलं धो धो वाहत होतं, आणि गार.

"बंद केलंत ना नक्की?"

"नक्की. हे पाणी गीझरचं नाहीच. गार पाइपातून इकडे शिरतंय."

दोन पाइप एकत्र येतात ते मिक्सर नळाशी. असे नळ घरात चार होते. शॉवर, बेसिन आणि स्वयंपाकघर मी तपासले, तिन्ही नीट बंद होते. चौथा मागच्या अंगणात, वॉशिंग मशीनचा. त्याला मशीनचा पाइप कायम जोडलेला असतो आणि पाणी मशीन स्वतःच अडवतं, म्हणून त्या नळाच्या चाव्यांकडे आम्ही कधी बघत नाही.

बायको मागे गेली. वाकून चाव्या बघितल्या. मग तिथूनच म्हणाली, "अहो, मे महिन्यात तुमच्या निळ्या शर्टाचा रंग उतरला होता, आठवतंय?"

"आठवतंय. उकळतं पाणी गेलं होतं मशीनमध्ये."

"तेव्हा मी इथल्या दोन्ही चाव्या उघडल्या होत्या. गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी आणि गीझरमधलं गार, दोन्ही मिळून बरं होतं म्हणून. त्या अजून उघड्याच आहेत."

म्हणजे मशीन बंद असलं की त्या नळातून दोन्ही पाइप एकमेकांना जोडलेले राहायचे. आम्ही लाल नळ सोडला की टाकीचं पाणी तिथून वळसा घालून गरम पाइपात यायचं. उन्हाळ्यात लाल नळाचं पाणी त्यामुळे जरा जास्त गरम आलं असेल, पण तेव्हा सगळंच तापलेलं, म्हणून कळलं नाही.

"लाल चावी बंद कर," मी म्हणालो.

बाथरूममध्ये नळाची धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग काही नाही.

"थांबलं?"

"थांबलं."

"म्हणजे तुमच्या शर्टापायी माझं तिकीट जाणार होतं."

"शर्ट तू धुतलास."

"शर्ट तुम्ही घातलात," ती म्हणाली आणि टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी व्हॉल्व्ह उघडला, वीज चालू केली. गीझर तापल्यावर पहिली आंघोळ तिनंच केली. बाहेर आली तेव्हा आरशावर वाफ होती. चुन्याच्या खपल्या पुढच्या सुट्टीला मी गीझर दोन-तीनदा भरून, रिकामी करून जमेल तेवढ्या काढल्या. तो गीझर अजून चालतो.

त्या शुक्रवारीच संध्याकाळी आम्ही तिकिटाच्या दुकानात गेलो. आठवड्यात विमानाचं भाडं तीन रियालनं वाढलं होतं. एरवी मी दुसऱ्या दुकानात विचारून आलो असतो. बायको माझ्याकडे बघत होती. मी पैसे मोजून काउंटरवर ठेवले आणि जास्तीचे तीन रियाल खिशातून काढले.

दुकानाबाहेर येऊन तिनं बहिणीला फोन लावला. "येतेय," म्हणाली, "आणि माझी साडी तू नको घेऊस, मी निवडणार." घरी पोचेपर्यंत ती बोलतच होती.