वाढत्या हाताचा कमठा

लटारूआजा माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, हाताकडे बघे. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत नजर एकदा सरकली की त्याची ओळख पटली. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना तो दहा वर्षांपासून ओळखत होता. पण एका थंडीत त्यांनी अंगभर शाल गुंडाळून बाजारात त्याला हाक मारली, तेव्हा आजाने सरळ विचारलं, "कोन होय बाप्पा? हात बाहेर काढ, मंग सांगतो."

सानगडीच्या तलावापलीकडे, जंगलाच्या कडेला असलेल्या टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, तो राहायचा आणि बांबूचे कमठे बनवायचा. कमठा म्हणजे धनुष्य. त्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीचीच. त्याच्या कमरेला गाठी मारलेली एक सुतळी कायम गुंडाळलेली असे, आणि त्या गाठींचा हिशोब त्याच्याशिवाय कुणालाच कळत नसे.

माझे बाबा गावातले टेलर. त्यांच्या गळ्यात टेप असायची आणि तोंडात एकच वाक्य असायचं, "वाढत्या अंगाचं शिवतो." माझे फ्रॉक पहिल्या वर्षी घोट्यापर्यंत यायचे, दुसऱ्या वर्षी गुडघ्यापर्यंत, आणि मापात बसायला लागले की फाटायचे. सातव्या वर्षी मी जांभळीवरून पडले आणि डावा हात मोडला. हाड सांधलं, पण हात काडीसारखा राहिला. रिकामी कळशी उचलली तरी थरथरायचा. शाळेत मला 'पाऊण कुसुम' म्हणू लागले. आई रोज तेल चोळायची आणि चोळताना माझ्याकडे बघायचं टाळायची. शेवटी आत्या म्हणाली, "लटारूजीकडे न्या. कमठ्यानं हात भरते म्हणतात."

आम्ही गेलो. आजाने माझा हात उलटा करून, सुलटा करून पाहिला, वासही घेतला. मग टोपलीखालची कोंबडी सोडली आणि म्हणाला, "डाव्या हातानं धर."

दुपारपर्यंत मी त्या कोंबडीमागे धावत होते. बाबा उन्हात उभे राहून टेपने घाम पुसत होते. कोंबडी हाती आली तेव्हा आजा म्हणाला, "बरं. आता सोड." मग त्याने बाबांचे हात मोजले. मग आईला बोलावणं धाडलं. ती कणकेच्या हातांनीच आली, तिला मोजलं. मग त्याने आजीचं विचारलं.

"ती वारून सहा वर्षं झाली," बाबा म्हणाले.

"बांगड्या हायेत का?"

बाबा घरी जाऊन आजीच्या बांगड्या घेऊन आले. आजाने त्यातली एक डोळ्याला लावून त्यातून माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर छपराच्या वळचणीतून एक कमठा काढून दिला. जेमतेम माझ्या छातीइतका. कुणी खेळणं म्हणालं असतं.

"लटारूजी, पोर वाढून राहिली," बाबा चिडले. "जरा मोठा द्या. दोन-तीन वर्षं चालन."

"टेलरभाऊ, फराक मोठा झाला त दुमडता येते. कमठा दुमडून दाखव मले."

"आन् हा पुढच्या वर्षी लहान झाला त?"

"त दुसरा देईन. जंगलातला बास सरला का?"

बाबांना तो अपमान वाटला. कमठा तिथेच ठेवून ते मला घेऊन परतले आणि पुढच्या आठवड्यात अड्याळच्या बाजारातून स्वतःच्या उंचीचा कमठा घेऊन आले. मला म्हणाले, "वाढशील तशी बसन." मला तो वाकेना. नुसता हलेनासुद्धा. मग बाबा पुढे झाले. त्यांनाही वाकेना. शेजारचे काका मदतीला आले. हेडमास्तर रस्त्याने चालले होते, तेही शास्त्र समजावून सांगायला थांबले.

भाताच्या रोवणीचे दिवस होते. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, तिघे एकामागे एक उभे राहिले. बाबांनी कमठा धरला, काकांनी एका हाताने बाबांची कंबर धरून दुसऱ्याने दोरी ओढली आणि हेडमास्तरांनी बाण नेमका कुठे टेकवायचा ते बोटाने दाखवलं. बाबांचा हात घसरला. कमठा पुढे गेला, तिघे मागे गेले, आणि गुडघाभर चिखलात एकमेकांवर पडले. बाण होता तिथेच राहिला, हेडमास्तरांच्या बोटापाशी. रोवणीच्या बायकांनी गाणं थांबवलं. त्यांतल्या एकीने विचारलं, "गुरुजी, तुमालेबी रोवाचं का?"

दुसऱ्या दिवशी बाबा आजाकडे गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. येताना तो लहान कमठा सोबत होता, आणि आजाही.

त्या दिवसापासून तो दर बाजाराच्या दिवशी आमच्या घरी येऊ लागला. आधी माझा हात मोजायचा, मग जेवायचा, मग जेवणानंतर पुन्हा मोजायचा. "पोट भरल्यावर मानूस लांबते," हे त्याचं म्हणणं. घरात आलेल्या कुणालाही तो सोडत नसे. एकदा हेडमास्तर पँट शिवायला टाकायला आले. आजाने त्यांच्याही हाताला सुतळी लावली, गाठी चाचपल्या, पुन्हा लावली आणि गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी, तुमी अर्धा बोट कमी झाले."

हेडमास्तर हसले. पण घरी जाऊन त्यांनी बहुधा आरशात पाहिलं असावं. पुढचे दोन महिने ते शाळा भरायच्या आधी कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळताना दिसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "व्यायाम." प्रार्थनेला आम्ही मुलं रांगेत उभी आणि वर फांदीला हेडमास्तर, असं एकदा झालंच. दोन महिन्यांनी आजाने पुन्हा मोजलं आणि "आता बराबर," म्हणाला. हेडमास्तरांनी त्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी दिली. मला आजही कळलेलं नाही की त्याने पहिल्यांदा चूक केली होती की दुसऱ्यांदा.

मला मात्र तो मापाच्या एक बोटही पुढे जाऊ देत नसे. हात वाढला की नवा कमठा, आधीच्यापेक्षा जरासाच ताठ. जुना टोलीतल्या एखाद्या धाकट्या लेकराकडे जायचा. नवा तासताना तो मला समोर बसवायचा. दोन-चार वेळा चाकू फिरवला की कमठा माझ्या हातात द्यायचा, मी ओढायची, तो माझ्या खांद्याकडे बघायचा, मग पुन्हा तासायचा. एका कमठ्याला अख्खा दिवस जायचा. मी कंटाळले की म्हणायचा, "बासातला जोर काढता येते पोरी, घालता येत नाई. म्हनून हळू काढाचा."

बाराव्या वर्षी मला घाई झाली. टोलीतली एक पोरगी मोठा कमठा ओढायची. एके सकाळी आजा बास, म्हणजे बांबू, तोडायला गेलेला पाहून मी त्याच्या वळचणीतून तसाच एक काढला आणि तलावाच्या पाळीवर ओढत बसले. पाच-सहा बाण गेले. मग खांद्यात काहीतरी सटकल्यासारखं झालं आणि हात वर होईना. मी तो पाठीमागे लपवला, पण ज्याला जगात फक्त हात दिसतात त्याच्यापासून काय लपणार?

आजा रागावला नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कायले केलं बाई असं?" एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला मार बसला असता तर बरं वाटलं असतं. सहा महिने त्याने मला कमठ्याला हात लावू दिला नाही. मग सुरुवात केली ती पुन्हा छातीइतक्या कमठ्यापासून. टोलीतली सगळी लेकरं हसायची. बाबा पूर्वी असल्या मापावर भांडले असते. या वेळी त्यांनी एकच केलं: माझ्यासाठी त्या वर्षी एक फ्रॉक अगदी मापाचा शिवला.

मी मॅट्रिक झाले तेव्हा दोन्ही हातांनी दोन भरलेल्या कळशा तलावावरून आणत होते. आजाने शेवटचं माप घेतलं, सुतळी कमरेला गुंडाळली आणि म्हणाला, "झालं. आता तू वाढत नाईस." नंतर तो ओसरीवरून जेवायलाही उठला नाही. बाबांनी त्याला समजावलं, "लटारूजी, माप संपलं म्हनून काय झालं? बाजाराच्या दिवशी येत जा." त्यावर तो म्हणाला, "असंच येऊ? बिनकामाचा?" पण येत राहिला. मोजायला कुणी उरलं नाही म्हणून आमची म्हैस मोजायचा.

पुढे मी नर्सिंग केलं आणि एका सरकारी दवाखान्यात लागले. लग्न झालं, गाव सुटलं. एका उन्हाळ्यात बाबा आजाला बसमध्ये घालून माझ्या दवाखान्यातच घेऊन आले. छाती भरली होती, अंगात काही उरलं नव्हतं. तरी तपासायला आलेल्या नव्या डॉक्टरांचा हात त्याने आधी नीट पाहिला आणि मला हळूच म्हणाला, "हिरवा हाय अजून. पन मोडनार नाई. लावू दे सुई."

तिसऱ्या दिवशी तो गेला. पण मला आठवते ती पहिली दुपार. वॉर्डात गर्दी होती, सलाइनचा स्टँड दुसऱ्या खाटेला लागला होता. मी बाटली हातात धरून त्याच्याजवळ उभी राहिले. उजव्या हाताने त्याची नाडी धरली होती, म्हणून बाटली डाव्या हातात. आजाचे डोळे माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून खांद्यापर्यंत सावकाश गेले.

"किती वेळ झाला?" त्याने विचारलं.

"पाऊण तास."

 तो तसाच बघत राहिला आणि बघता बघता त्याला झोप लागली. थोड्या वेळाने वॉर्डबॉय स्टँड घेऊन आला. मी त्याला म्हटलं, "राहू दे. दुसऱ्या कोणाला लाव."