फक्त पाणी सोडणारं इंजिन

दोष मास्तरकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी "तसं बघितलं तर सगळ्यांचंच थोडंथोडं चुकलं" असं गुळमुळीत बोलायला नको. आमच्या मॉरिशसच्या मोठ्या माणसांना तसं बोलायची फार खोड आहे!

मास्तरकाका म्हणजे माझे सख्खे काका. आमच्याकडे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. तशा एका खाजगी कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. सन ऐंशीच्या आसपास पेट्रोल महागलं आणि काकांनी जाहीर केलं की यापुढे इंजिन हायड्रोजनवर चालणार. व्हाकोआ गावाच्या टोकाला आमची दोन घरं एकाच आवारात. वरच्या अंगाला काकांचं घर आणि गराज, खालच्या अंगाला आम्ही. त्या गराजात दर शनिवारी दुपारी आमच्या मराठी मंडळाची म्हातारी टाळकी जमायची आणि दर शनिवारी एक किस्सा घडायचा. वर्षभरात इतके साठले की अजूनही चार माणसं बसली की कोणीतरी म्हणतंच, "सुरेश, ते काकांच्या इंजिनाचं सांग ना!"

सांगतो. पण आधी क्रेसोंचं सांगायला हवं.

क्रेसों म्हणजे वाहत्या थंड पाण्यात वाढणारी पालेभाजी. आमच्या आवाराच्या कडेने एक ओहोळ जातो. गराजापाशी वाकतो आणि खाली आमच्याकडे येतो. तिथे बाबांनी दगड रचून अकरा वाफे केले होते. बाबा गेले, मी फॉर्म फोरमध्ये कॉलेज सोडलं, आणि आईने वाफे माझ्या हवाली केले. "पोरगं वाया गेलं" असं सगळं मंडळ म्हणायचं, आणि गणपती विसर्जनाच्या जेवणाला सात भाज्यांतली पहिली भाजी याच वाया गेलेल्या पोराच्या वाफ्यातली असायची. अकरा वाफे. जगात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

*

पहिल्या शनिवारी इंजिन खरंच चाललं. खोटं कशाला बोलू? जुनं पंपाचं इंजिन, त्याला दिव्यांसाठी डायनामो जोडलेला. फट्‌फट्‌ करत सुरू झालं आणि धूर नाही! काकांनी पांढराशुभ्र रुमाल सायलेन्सरच्या तोंडाला धरला. रुमाल ओला झाला, काळा झाला नाही. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर साखर कारखान्याची काजळी पडते, तेव्हा तो रुमाल बघून आईसुद्धा म्हणाली, "आयो, किती छान!"

काकांनी पाइपाखाली वाटी धरली. थेंब थेंब पाणी जमलं. "दिलो मेम सा!" काका क्रिओलमध्ये ओरडले. म्हणजे, पाणीच आहे हे! हे वाक्य पुढे वर्षभर ऐकायचं होतं.

पांडूनाना पुढे सरसावले. हे रिटायर्ड बस इन्स्पेक्टर, मंडळाचे अध्यक्ष. वाटीतलं पाणी त्यांनी उजव्या हाताच्या खळग्यात घेतलं, तीर्थासारखं प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

तीन दिवस नानांचं पोट बिघडलं. इंजिनाच्या पोटातलं जुनं तेल होतं त्यात, दुसरं काय!

पुढच्या शनिवारी नाना म्हणाले, "शुद्धच होतं रे. म्हणून तर आतलं सगळं धुऊन निघालं!"

*

सगळे इंजिनाच्या मागच्या बाजूला बसायचे. मागून काय बाहेर पडतं ते बघत. मला पुढच्या बाजूचा संशय.

तेव्हा काका विजेने पाण्यातून हायड्रोजन काढत होते. पिंपात दोन पत्रे, त्यांना तारा. सुरू केलं की आमच्या सामाईक मीटरची चकती भोवऱ्यासारखी फिरायची आणि घरातले दिवे पिवळे पडायचे. मी विचारलं, "काका, ही वीज कुठून येते?"

काकांनी मंडळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "तारेतून."

काय हसले सगळे! पांडूनानांना तर ठसका लागला.

दुसऱ्याच आठवड्यात नानांना पोर्ट लुईला दवाखान्यात न्यायचं काम माझ्यावर आलं. बस शहरात शिरली. पॉवरहाउसच्या चिमणीतून जाड तेलाचा काळा लोट निघत होता. मी म्हटलं, "नाना, ते बघा. मास्तरकाकांच्या इंजिनाचा धूर."

नानांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खिडकीची काच वर सरकवून बंद केली.

*

साठवायची व्यवस्था म्हणजे लॉरीच्या टायरच्या ट्यूबा. शनिवारी संध्याकाळी फुगवून ठेवलेल्या ट्यूबा आठवड्याच्या मधे बघाव्यात तर सुकलेल्या माशासारख्या चपट्या. हा वायू इतका बारीक की रबरातूनसुद्धा निसटतो.

"गेला कुठे?" मी विचारलं.

"वर."

"वर म्हणजे कुठे?"

"देवाकडे!" काका म्हणाले. "तुझ्यासारखा इथे लोळत पडत नाही तो."

तिथे जाऊन तो काय करतो, चांगलं की वाईट, हे आमच्या मंडळात कोणाला माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. पण न विचारता "काही करत नाही" म्हणणारे मात्र सगळे होते.

*

पॉवरहाउसची गोष्ट नानांनी शेवटी काकांच्या कानावर घातली. काका आठवडाभर केमिस्ट्रीची जुनी पुस्तकं चाळत बसले. मग एका शनिवारी टाळी वाजवून म्हणाले, "वीज बंद! आता कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम. दोन्ही पाण्यात टाकायचं, हायड्रोजन आपोआप बुडबुडून येतो. आता सांग, कुठली चिमणी दाखवतोस?"

म्हणजे माझ्याच विजेच्या प्रश्नामुळे हा सोडा गराजात आला. हेही लिहून ठेवतो.

अ‍ॅल्युमिनियम कुठलं? भंगार. मोडके डबे, झाकणं, खिडकीच्या पट्ट्या. मी म्हटलं, "हे डबे बनवायलाही वीज लागलीच असेल की."

"ते भारतात बनलेत," काका म्हणाले. "तिथला धूर तिथे!"

आणि लाख वेळा भारत आपली माय म्हणून गळा काढणाऱ्या त्या मंडळात एकालाही यात काही खटकलं नाही.

*

भंगार संपलं. हा किस्सा सगळ्यांना आवडतो.

आमच्या मंडळाची सर्वांत मोठी इस्टेट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या सहा देक्त्या. देक्ती म्हणजे लग्नाचा भात शिजवायचं भलंमोठं पातेलं, दोन माणसांनी उचलायचं. व्हाकोआपासून मोंतान्य ब्लांशपर्यंत कोणा मराठ्याचं लग्न असो, देक्त्या आमच्याकडून जाणार. ठेवलेल्या कुठे? काकांच्या गराजात. कारण सगळ्यांत विश्वासू माणूस!

माझ्या मावसबहिणीच्या हळदीच्या सकाळी आचारी आला. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावीचे नुसते दोन कान आणि काठाचं कडं.

"मास्तर," आचारी म्हणाला, "हिचं बूड कुठाय?"

काकांनी चष्मा पुसला. "ती आता ऊर्जा झाली."

आचाऱ्याने कडं उचलून डोळ्यांसमोर धरलं. त्यातून त्याने काकांकडे बघितलं आणि म्हणाला, "बे की पू फेर? आता करायचं काय? पाचशे माणसांचा भात या ऊर्जेत लावू?"

*

त्याच हळदीचं दुसरं टोक कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

हळदीचे पिवळे कपडे घेऊन आई ओहोळावर गेली. पहिल्या वाफ्यापाशी कपडा बुडवला आणि मला हाक मारली. पिवळा कपडा लालभडक झाला होता. आई म्हणाली, "पाण्यात कुंकू कोणी सांडलं रे?"

फॉर्म फोरपर्यंतची केमिस्ट्री मला पुरेशी होती. तीही काकांनीच शिकवलेली. हळद लाल होते ती क्षाराने. मी ओहोळाच्या काठाने वर गेलो. गराजाच्या मागच्या दारापासून पाण्यापर्यंत गवताचा एक पट्टा जळून पांढरा झाला होता, बादली घेऊन माणूस चालतो तेवढाच रुंद.

"काका, हे गवत कशाने जळलं?"

"उन्हाने."

उन्हाने! व्हाकोआत! जिथे त्या वेळी सलग नऊ दिवस पाऊस पडत होता आणि काका स्वतः छत्री धरून उभे होते!

मी लाल कपडा पुढे केला. "बादलीत काय होतं?"

"दिलो मेम सा," काका म्हणाले आणि छत्री घेऊन आत गेले.

*

मी मंडळाच्या सभेत गेलो. लाल कपडा टेबलावर ठेवला. म्हटलं, धूर नाही हे कबूल. रुमाल पांढरा, कबूल. पण उरलेला गाळ कुठे टाकायचा ते ठरवा, नाहीतर माझे वाफे मरतील. पहिल्या वाफ्याची पानं कडेने पिवळी पडली आहेत. पाण्यातल्या बारीक कोळंब्या दिसेनाशा झाल्या आहेत. या, बघा.

कोणी उठलं नाही. पाऊस होता.

पांडूनानांनी कपडा बोटाने बाजूला सारला. "मास्तरांनी पंचवीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. तू किती वर्षं शिकलास?"

"चार."

"मग?"

झालं. विषय संपला. पुढचा विषय होता गणपतीच्या रोषणाईचा. या वर्षी मखराचे दिवे मास्तरांच्या इंजिनावर, एकमताने मंजूर. नानांनी वाक्यही ठरवून टाकलं, पाहुण्यांना सांगायला: "आमच्या बाप्पाला काळा कण लागणार नाही!"

त्या रात्रीपासून मी गराजाच्या मागे दगडमातीचा बांध घालायला लागलो. दोन दिवसांत गुडघाभर झाला. तिसऱ्या दिवशी काकांनी तो फोडला. बादली घेऊन जाताना ठेच लागते म्हणे!

*

गणपतीचे दिवे काय लखलखले! प्लेन दे पपायहून, मोंतान्य ब्लांशहून लोक बघायला आले. पांढरे रुमाल सायलेन्सरला धरून ओले करून घेतले, एकमेकांना दाखवले. दोन दिवस इंजिन थांबलं नाही. पाचवी देक्तीही गेली.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी गराज मोकळं हवं होतं, पंगत तिथेच बसायची होती. काकांनी पिंपं धुतली. सगळी एकदम.

मी विळा आणि टोपली घेऊन खाली आलो तेव्हा आई आधीच काठावर बसली होती. पहिल्या वाफ्यापासून अकराव्यापर्यंत पानं उकडून ठेवल्यासारखी काळपट आणि लिबलिबीत. मी एक जुडी उचलली. देठ हातात आले, मुळं पाण्यात राहिली. आईने रिकामी टोपली उलटी करून ठेवली.

दुपारी केळीची पानं मांडली. भात आला, डाळ आली, भाज्या आल्या. पांडूनानांनी बोटाने मोजल्या. सहा.

"सुरेश, क्रेसों कुठाय? यंदा विसरलास का रे?"

मी नानांचा हात धरला आणि त्यांना तसंच उष्ट्या हाताने पंगतीतून उठवलं. मागोमाग काका आले, मग सगळी पंगत आली. ओहोळाच्या काठावर सगळे रांगेत उभे राहिले. मागे गराजात उरलेल्या ट्यूबांवर इंजिन चालूच होतं, धूर नव्हता. नाना वाकले, हात धुवायला पाण्यात घालणार, एवढ्यात काका ओरडले,

"नाना, हात घालू नका!"

नानांचा हात हवेतच राहिला. त्यांनी मान वळवून काकांकडे बघितलं. म्हणाले, "का हो मास्तर? दिलो मेम सा?"

अकराही वाफे गेले. त्या ओहोळात पुन्हा क्रेसों उगवलं नाही.